मालिकेतलं ते दृश्य खरं होतं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. सांगायला वेळ मिळाला नाही असं कसं म्हणू — पन्नास वर्षं एका घरात काढली आम्ही. मुलांना सांगितलं नाही, सुनेला सांगायचा प्रश्नच नव्हता, आणि देवापुढे हात जोडतानाही एवढं एक सोडून बाकी सगळं बोलत आले. आज तुमच्यापुढे बसले आहे तर सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. टीव्हीपासूनच करते. टीव्हीनेच मला पकडलं.

आमच्या पिंपरीच्या सोसायटीत आम्हा म्हाताऱ्यांचा एक बाक आहे. सकाळी उन्हाला बसायचं आणि आदल्या संध्याकाळी बघितलेल्या मालिकेची चिरफाड करायची, हा आमचा उद्योग. यंदा एक मालिका लागली होती, जुन्या काळातली — म्हणजे माझ्या तरुणपणातली. गावाशेजारी कंपन्या येताहेत, शेतकऱ्याच्या सुना कामाला जाताहेत, असलं सगळं. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नायिकेच्या कोरलेल्या भुवयांवर बोट ठेवलं. एक लातूरकडच्या आहेत, त्यांना बैलगाडीला रबरी चाकं दिसली. "काय बी दाखवायलेत बघा," म्हणाल्या. आणि मग सगळ्या माझ्याकडे वळायच्या. कारण बाकावर सगळ्यांत थोरली मी, आणि त्या काळात कंपनीत नोकरी केलेली मी एकटी. आजी, असं होतं का हो? आजी, तुम्ही सांगा.

खरं सांगू? मला ते फार आवडायचं. घरात माझं मत भाजी किती तिखट करायची एवढ्यापुरतंही कुणी विचारत नाही. इथे मी म्हणेन ते प्रमाण. हे लुगडं तेव्हा नव्हतं, म्हटलं की नव्हतं. सासू अशी सुनेचं नाव घेऊन हाक मारत नसे, म्हटलं की विषय संपला. एवढा मान म्हातारपणी कुणाला नको असतो?

मग एक भाग आला. त्यात नायिका औषधाच्या कंपनीत कामाला लागते, इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या खोलीत. आत जायच्या आधी ती हातातल्या हिरव्या बांगड्या काढते, रुमालात गुंडाळते, खुंटीवरच्या पिशवीत ठेवते आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुते. दोन मिनिटांचं दृश्य. मी सोफ्यावर होते. माझे हात मी आपोआप पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी बाक पेटला होता. नवरा जिवंत असताना बांगड्या काढल्या? त्या काळात? लिहिणाऱ्यांना लाज नाही, आपल्या संस्कृतीची अब्रू काढतात, चॅनेलला पत्र लिहा. नेमकी त्या दिवशी सुनेच्या ओळखीची एक मुलगी आली होती — जुन्या काळच्या मालिकांवर प्रेक्षकांची मतं घ्यायची आणि ती फोनवर लोकांना दाखवायची, असं काहीतरी तिचं काम. तिने फोन माझ्यासमोर धरला. आजी, तुम्ही तर प्रत्यक्ष काम केलंय.

मी गप्प बसू शकले असते. आठवत नाही, एवढं म्हटलं असतं तरी ऐंशीच्या पुढच्या बाईला सगळे सोडून देतात. पण मी पदर नीट केला आणि म्हणाले, "मी स्वतः होते तिथे. एकीनेही कधी बांगड्या काढल्या नाहीत. सवाष्ण बाई असं करेल का? हे सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते बोलणं या फोनवरून त्या फोनवर कुठल्या कुठे गेलं. नातू म्हणाला, आजी तू फेमस झालीस.

एका मालिकेबद्दल खोटं मत दिलं, त्यात एवढं काय — असं तुमच्या मनात आलं असेल. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. पण ते खोटं मी त्या दिवशी बनवलेलं नव्हतं. ते जुनं होतं, माझ्याकडे तयार होतं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मी ते पहिल्यांदा बोलले होते, आणि तेव्हा ते ऐकायला एक बाई जमिनीवर बसली होती.

ती माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, उंच, कामाला वाघीण, आणि हसायला लागली की थांबायची नाही. आमचं गाव तेव्हा पिंपरीपासून मळ्यामळ्याने अर्ध्या तासाच्या चालीवर. औषधाच्या कंपनीत शिकलेल्या बायका घेतात असं कळलं. आम्ही दोघीही सातवी पास होतो. घरचे पुरुष तयार झाले, सासूबाई तयार होईनात. शेवटी त्यांनी अट घातली. जोडीनं जायाचं, जोडीनं यायाचं, आन् अंगावरचं सौभाग्याचं लेणं काढायचं न्हाई. आम्ही दोघींनी माना डोलावल्या.

पहिल्याच दिवशी आत देखरेख करणाऱ्या बाईंनी बांगड्या उतरवायला सांगितल्या. काच फुटून बाटलीत गेली तर? बरोबरच होतं त्यांचं. बाटल्या भरायच्या खोलीत ज्या ज्या जात, त्या सगळ्या काढत. पंधरा-वीस बायका होतो, सगळ्यांचे हात मोकळे. मंगळसूत्र तेवढं पांढऱ्या कोटाच्या आत राहायचं. गावचा कासार बांगड्या भरायचा त्या मापाला घट्ट, साबण लावून ओढल्याशिवाय निघत नसत. चौथ्या-पाचव्या दिवशी अक्काची एक बांगडी वाढली — फुटली हा शब्द आजही माझ्या तोंडातून निघत नाही — आणि मनगटावर ही एवढी चीर पडली. घरी काय सांगायचं?

तेव्हा युक्ती मी काढली. हे नीट ऐका, कारण हेही मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, अक्का, पिंपरीच्या बाजारातल्या कासाराकडून एक माप मोठ्या भरून घेऊ. हात आवळला की आपसूक उतरतील. अक्का कचरत होती. सवाष्णीनं ढिल्या बांगड्या घालू नयेत म्हणतात, असं काहीतरी पुटपुटली. मी तिला हसले. मीच तिला हाताला धरून नेलं. दोघींनी एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या भरल्या. कासारानेही विचारलं, इतक्या ढिल्या कशाला, पोरींनो? मीच त्याला उत्तर दिलं की बाळंतपणात हात सुजतात. दोघींतल्या एकीलाही तेव्हा दिवस गेलेले नव्हते.

दीड वर्ष सुखाचं गेलं. अक्काची मंदा तेव्हा तीन वर्षांची होती. आम्ही दोघी मळ्यातून चालत जायचो, बोलत, शेंगा खात. मला सख्खी बहीण नाही. ती कसर तेवढ्या दीड वर्षात भरून निघाली असं मला वाटायचं.

मग भावजींना, अक्काच्या नवऱ्याला, विषमज्वर झाला. दहाव्या दिवशी ते गेले. आमच्याकडे बाई विधवा झाली की म्हाताऱ्या बायका तिच्या बांगड्या वाढवतात. दारात तिरडी बांधत होते आणि आत अक्काला भिंतीशी बसवलं होतं. एका म्हातारीने दगड घेतला, दुसरीने अक्काचा हात धरून पुढे ओढला.

आणि बांगड्या निसटल्या. सगळ्या. एकही वाढली नाही. अक्काचा हात दहा दिवसांच्या जागरणाने आणखी वाळला होता. धरून ओढल्याबरोबर त्या सरकन खाली आल्या आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर अख्ख्याच्या अख्ख्या पडल्या. खोलीत पंचवीस बायका होत्या. आकांत चालला होता तो जागच्या जागी थांबला.

सासूबाईंनी त्यातली एक उचलली. स्वतःच्या हातात घालून बघितली. मग विचारलं, "ह्या इतक्या ढिल्या कशापायी गं? काढत हुतीस व्हय? माझं लेकरू जित्तं असताना काढत हुतीस?"

अक्का रडता रडता म्हणाली, "कंपनीत काढाय लावत्यात, आत्याबाई. समद्यांनाच. धाकलीला इचारा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी दाराशी उभी होते, मंदाला कडेवर घेऊन. माझ्या हातात त्याच बांगड्या होत्या. मंदाच्या परकराखाली माझं मनगट झाकलेलं होतं, आणि मी मूठ वळून ती पोटाशी घट्ट दाबली होती, का तर बांगड्या वाजू नयेत. माझा नवरा बाहेर भावाच्या तिरडीपाशी उभा होता. मला काय वाटलं? हेच, की आता मी हो म्हटलं तर या बायका मलाही तिच्याशेजारी बसवतील. आज थोरला गेला, उद्या धाकटा जाईल, असं म्हणतील. मी वीस वर्षांची होते. हे वय मी सबब म्हणून सांगत नाही. मला सगळं कळत होतं, म्हणून सांगते.

मी म्हणाले, "मला न्हाई ठाऊक. मी न्हाई काढत."

अक्काने माझ्याकडे बघितलं. माझा हात पुढे ओढून दाखवायचं म्हटलं असतं तर एका क्षणात खरं-खोटं झालं असतं, आणि तिला ते ठाऊक होतं. तिने ते का केलं नाही? हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलं आहे की आता प्रश्न गुळगुळीत झाला आहे. मला वाटतं, माझ्या कडेवर तिची मुलगी होती आणि माझ्या चेहऱ्यावर भीती होती, एवढं तिला पुरलं.

तेरावं झाल्यावर तिला निघोज्याला माहेरी पोचवलं. नवऱ्याला खाल्लेली म्हणून. नोकरी सुटली. भावांच्या शेतात ती मजुरासारखी राबली आणि मंदाला वाढवलं. सासूबाई मरेपर्यंत तिचं नाव घेत नव्हत्या. मी कंपनीत परत गेले, आतल्या बाईंना गळ घातली आणि बाहेर लेबलं चिकटवायच्या कामावर बदली मागून घेतली. तिथे बांगड्या चालायच्या. गावच्या कासाराकडून घट्ट भरून घेतल्या. मी न्हाई काढत, हे माझं वाक्य मी असं मागाहून खरं करून घेतलं. तीस वर्षं नोकरी केली. गावात माझं उदाहरण देत, घर सांभाळून, रीत सांभाळून कंपनीत जाणारी सून म्हणून.

अक्का मला एकदाच भेटली, एका लग्नात. पंक्तीत वाढताना माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "आता घट्ट भरतीस व्हय? बरं केलंस." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी मातीला गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून कळवलं. गुडघे दुखत होते, पण तेवढे नाही.

आता मंदाबद्दल. ती सत्तरीला आली आहे, निघोज्यातच दिली होती तिला. तिने मला कधी सणालाही फोन केला नव्हता. माझ्या बोलण्याची ती फीत फोनाफोनी करत तिच्या नातीपर्यंत पोचली, आणि गेल्या महिन्यात मंदाचा फोन आला. काकू म्हणाली मला. तिचा आवाज अक्काचा आहे.

म्हणाली, "आमी बी ती मालिका बघतो, काकू. त्या बाईनं बांगड्या काढल्या तवा मी लई रडले. आई मरस्तवर सांगायची, कंपनीत काढाय लावायचे, धाकली बी काढायची, पर तिनं माझ्यावर उलटवलं. मला वाटलं, बघा, आईचं खरं हुतं, टीव्हीवर सुदिक दावलं. मंग नातीनं तुमचं बोलणं ऐकवलं. तुमी इतक्या लोकांपुढं शपथेवर सांगितल्यावानी सांगितलं. काकू, मला एकदा खरं सांगा. आई खोटं बोलत हुती का?"

पुन्हा मलाच विचारलं होतं. या वेळी खोलीत बायका नव्हत्या. सासूबाई नव्हत्या, नवरा नव्हता, जाण्यासारखी नोकरी नव्हती. सून बाहेर गेली होती. ऐकणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माझ्यावर कुणाची जबरदस्ती होती? मी गुळणी धरून बसले असते तरी तिला काहीतरी कळलं असतं.

मी म्हणाले, "दुःखात माणसाला काही बी वाटतं गं, मंदा. तिला तसं वाटलं असंल."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं इचारलं," म्हणाली. "इतकी वर्सं मी तुमच्यावर उगाच डूख धरून बसले. तुमचं तोंड बघायचं न्हाई म्हणायची. चुकलं माझं, काकू. माफ करा मला."

मी तिला माफ केलं.