बागेतलं इंजिन

रॉकेलचा वास आला की मला पावस गावातली ती आमराई आठवते. बाबांच्या बंद पडलेल्या जुन्या मॉरिस गाडीसाठी आम्ही तिथे इंजिन बघायला गेलो होतो. आमराई जैतूनचाचींची; तिथे ते इंजिन विहिरीचं पाणी ओढायचं. बाबांनी रॉकेलच्या फडक्याने त्याच्यावरचा चिकटा पुसला आणि नंबर लख्ख दिसला. मॉरिसचंच होतं!

“आमचे हे गेले तेव्हापासून मीच चालू करते,” चाची इंजिनावर हात फिरवत म्हणाल्या. “आवाज ऐकला की वाटतं, बागेतच आहेत. पण पोरगा म्हणतो, विकून टाक, मोटर बसवू.”

बाबांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, “नाही हो चाची, हे मॉरिसचं नव्हे.”

मी घरी येईपर्यंत फुगून बसले होते. आता मात्र आठवतं ते निघतानाचं. “एकदा चालू करा ना,” बाबा म्हणाले आणि डोळे मिटून ऐकत राहिले.