पाटाचं पाणी आणि मोटारीचे दिवे

आज इस्त्रीच्या वायरीचं रबर जळालं आणि त्या वासानं १९३८ सालची एक संध्याकाळ आठवली. वेल्ह्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, अत्यवस्थ असल्याचा निरोप आल्यावर भोरहून आम्ही तिघं निघालो, आई, वडील आणि मी.

आमच्या जुन्या मोटारीला विजेचे दिवे वडिलांनी त्याच आठवड्यात बसवले होते. दुकानदार जाड वायर देत होता. वडील बागायतदार. ते म्हणाले, "पाट अरुंद केला की पाणी जोरात पळतं. बारीकच द्या." दारात दिवे लावले तेव्हा समोरची भिंत उजळली. आई हसून म्हणाली, "लगीनघर दिसतंय की!"

नसरापूरच्या पुढं अंधार पडला. दिवे पिवळे झाले, मग तांबडे, आणि हाच वास सुटला. बारीक वायर तापून जळाली आणि दिवे गेले.

"अवो, कंदील धरते म्या. हळूहळू चला की."

"खाली दरी हाय. उजाडताच निघू."

सकाळी पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधत होते.

वडिलांना पाणी ठाऊक होतं, वीज नव्हती. हे मला आज कळतं. तेव्हा त्यांचा फार राग आला होता. जाड वायरीचे साडेतीन रुपये त्यांनी पुढे त्याच दुकानदाराला दिले. दिवे लख्ख लागले. ते बघायला आई दारात आली नाही.