घंटीचं दुखणं

अल्पेशला घाम फुटला तेव्हा लाभूबेनला बरं वाटलं होतं. तेल लागू पडलं, असं तिला वाटलं.

सकाळचे आठ वाजले होते. तो पाटावर बसला होता आणि ती त्याचा डावा हात खांद्यापासून खाली चोळत होती. छत्तीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, पण आईपुढे हात पसरून बसला की अजून तसाच.

"बा, आज जबडासुद्धा ठणकतोय."

"दिवसभर मावा चघळतोस, जबडा ठणकेल नाही तर काय! घाम बघ किती आला. आता मोकळं होईल सगळं."

"तुझ्या तेलाला असा वास येतो की दुखणं आपणहून पळतं," तो म्हणाला. शर्ट चढवून कारखान्याला गेला. दोन तासांत निरोप आला.

कतारगामातल्या त्या गल्लीत लाभूबेनच्या हाताला नाव होतं. सगळी वस्ती हिऱ्याच्या कारखान्यांत काम करणारी. दिवसभर घंटीवर, म्हणजे त्या गरगरत्या लोखंडी चाकावर, हिरा दाबून धरायचा, नजर हलू द्यायची नाही. संध्याकाळी हात लाकडासारखा होतो. तिथे त्याला घंटीचं दुखणं म्हणतात आणि त्यासाठी डॉक्टरकडे कुणी जात नाही. लाभूबेनच्या ओट्यावर जातात. तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा काळा होईस्तोवर कढवायचा, ही अमरेलीकडच्या तिच्या सासूची रीत. आधी तिने नवऱ्याचा हात चोळला, मग शेजाऱ्यांचे. पैसे कधी घेतले नाहीत.

"मासी, जरा दमानं! खांदा आहे तो, रोटल्याचं पीठ नाही," एखादा कळवळायचा.

"पीठ परवडलं. गप तरी पडतं."

असं हसतखिदळत चालायचं. त्या ओट्यावर कुणाचं काही वाईट झालं, असं छत्तीस वर्षांत तिला आठवत नव्हतं.

कारखान्याची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. अल्पेश दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला आणि पायरीवर बसला. बसला तो कलंडलाच. सोबतच्या दोघांनी त्याला मोटरसायकलवर मध्ये घट्ट धरून इस्पितळात आणलं. लाभूबेन आणि सून दक्षा पोचल्या तेव्हा त्याला आत घेतलं होतं. लाभूबेनच्या हाताला तेल तसंच होतं. धुवायचं राहून गेलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, घाईत होती. "हार्ट अटॅक आहे. रक्तवाहिनी बंद झालीय, ती उघडतोय. थोडं विचारायचंय. सिगारेट, बिडी?"

"छे, छे," दक्षा म्हणाली. "दारू नाही, अंडं नाही, कसलं व्यसन नाही. एकादशीसुद्धा चुकवत नाहीत."

"दात लाल दिसले मला. मावा खातात?"

"तो तर सगळेच खातात."

"किती?"

दक्षा सासूकडे बघू लागली. कुणी कधी मोजला होता? सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात चोळायचा आणि गालात धरायचा. घंटीवर झोप येऊ नये म्हणून एक, जेवल्यावर एक, मित्राने दिला म्हणून एक. "दहा-बारा असतील," ती हळूच म्हणाली.

"तंबाखूच आहे ना ती? ओढा नाही तर चघळा, हृदयाला फरक पडत नाही. हात कधीपासून दुखत होता?"

आता लाभूबेन पुढे झाली. हे तिच्या कामातलं होतं. "दोन महिने झाले असतील. घंटीचं दुखणं ते. डावखुरा आहे तो, म्हणून डावा दुखतो. मी रोज चोळते."

"दिवाळीत कारखाने तीन आठवडे बंद होते. तेव्हा थांबलं होतं?"

लाभूबेन आठवत आठवत सांगू लागली.

थांबलं नव्हतं. दिवाळीला सगळे गावी गेले होते. तिथे डोंगरावरच्या देवीला जाताना अल्पेश तीनदा बसला होता. हात धरून. बसला की बरं वाटायचं, उठून चढू लागला की पुन्हा कळ. पोरं ओरडत होती, "बापू म्हातारे झाले!" आणि तिने पिशवीतून तेलाची बाटली काढून तिथेच, देवीच्या पायऱ्यांवर, त्याचा हात चोळला होता. एकवीस दिवस त्या हाताने घंटीला स्पर्श केला नव्हता. हजारो हात चोळलेल्या बाईच्या हे ध्यानात आलं नाही!

"घंटीचं दुखणं काम केलं की वाढतं, सुट्टीत उतरतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हे चढताना यायचं आणि बसलं की जायचं. ते हाताचं नव्हतंच, बा. वडील आहेत त्यांचे?"

"एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. झोपेत. गॅस छातीत चढला होता."

"आदल्या दिवशी काही दुखत होतं?"

लाभूबेनला आठवलं. आदल्या रात्री नवरा म्हणाला होता, खांदा भरून आलाय गं. तिने तासभर चोळला होता. घाम आला होता त्यालाही. तो झोपला तेव्हा ती समाधानाने उठली होती. बारा वर्षं ती लोकांना सांगत आली होती, माझ्या हाताखाली सुखानं झोपले बिचारे.

ती बाकावर बसली. दक्षाने पाणी दिलं, ते तिने शेजारी ठेवून दिलं.

दुपारी दीडच्या सुमाराला डॉक्टरीणबाई पुन्हा बाहेर आली. वाहिनी उघडली होती, स्टेंट बसला होता. जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग दुबळा झालाय, तो किती सावरेल ते आत्ता सांगता येणार नाही. "आणखी दोन तास उशीर झाला असता तर मी वेगळंच सांगत असते," ती म्हणाली. "ह्यांना सख्खे भाऊ आहेत? बाप लवकर गेला, आता हे. भावाची तपासणी झालीच पाहिजे. रक्तदाब, साखर, चरबी, सगळं."

धाकटा जयसुख भिंतीला टेकून उभा होता. एकतीस वर्षांचा, भावाच्याच कारखान्यात घंटीवर. सकाळी त्यानेच भावाला मोटरसायकलवर धरून आणलं होतं.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "आधी भाऊ बरा होऊ दे. मग बघू निवांत."

लाभूबेन उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जयसुख, माझ्याकडे बघ. तुझा हात दुखतो का?"

"सगळ्यांचाच दुखतो, बा."

"दिवाळीत दुखत होता?"

गालातला मावा त्याने एका बाजूने दुसऱ्या बाजूला सारला.

"दुखत होता का?"

"जरासा. छातीतही थोडं. पण तू भाऊच्या मागे होतीस, म्हटलं कशाला..."

लाभूबेनचा हात उठला आणि एकतीस वर्षांच्या मुलाच्या गालावर, भरल्या इस्पितळात, सणकन बसला. दक्षा किंचाळली. नर्स धावली. लाभूबेनने त्याचं मनगट धरलं. तसंच ओढत त्याला डॉक्टरीणबाईच्या खोलीत नेलं.

"ह्याचा कार्डिओग्राम काढा. आत्ता. मावा थुंक आधी, थुंक म्हणते ना!"

जयसुख कोपऱ्यातल्या बेसिनवर वाकला. मग बूट न काढताच पलंगावर आडवा झाला. नर्स त्याच्या छातीवर तारा लावू लागली. लाभूबेन यंत्राशेजारी उभी राहिली. कागद सरकत बाहेर येऊ लागला. त्यातलं तिला काही कळत नव्हतं, म्हणून ती कागदाकडे बघत नव्हती, डॉक्टरीणबाईच्या चेहऱ्याकडे बघत होती.