मांडीखालचे हात

वामनबुवांचं नाव निघालं की अजून माझ्या कानशिलाची शीर ताडताड उडते. बायको म्हणते, "माणूस मेला, आता तरी सोडा की." मेला म्हणून काय झालं? त्याच्या मरणानं गेणबाची सहा वर्षं परत आली का?

गेणबा अंथुर्ण्याचा. त्याच्या बापाचं, अप्पांचं रान कालव्याच्या वरच्या अंगाला. खालच्या रानांत पाणी आपल्या पायानं पळत यायचं आणि ऊस डोक्यावर जायचा. अप्पांना मात्र विहिरीवर मोट धरल्याशिवाय घोटभर पाणी मिळायचं नाही. गेणबा दहाव्या वर्षापासून त्या मोटेवर. बैल धावेच्या, म्हणजे विहिरीपासून खाली जाणाऱ्या वाटेच्या, उताराला लागले की गडी दोरावर बसतो आणि गाणं धरतो. मोट वर येऊन विहिरीच्या काठच्या थारोळ्यात ओतली की गाणं थांबतं. मग जीभ टाळ्याला लावून चुचकारायचं, "मागं, मागं राजा" म्हणत बैल विहिरीकडं सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. असं दिवसातून शंभर वेळा. अप्पांची धाव तीस पावलांची, गावात सगळ्यांत लांब. गेणबाचा दमही तेवढाच लांब झाला.

आणि गाताना तो हरण्याचा कान बघायचा. हरण्या म्हणजे उजवीकडचा खिल्लारी बैल. गाणं पटलं की त्याचा कान मागं वळायचा आणि पाय झपाझप पडायचे. नाही पटलं तर पठ्ठ्या मधेच उभा. मग गेणबा सूर बदलायचा, लाडात यायचा, कधी नुसताच हुंकार भरायचा. कान वळेपर्यंत सोडायचा नाही.

मी झुंबर, इंदापूरचा गुरव. देवळात वाजवणाऱ्यांच्या घरातला. वामनबुवांनी बारामतीत गायनशाळा काढली तेव्हा तबल्याला त्यांनी मला ठेवलं. बुवा मूळचे नाटक कंपनीतले गवई. बोलपट आले, कंपनी बुडाली, बुवा बारामतीला आले. विद्या अस्सल होती. राग आला म्हणून मी खोटं बोलणार नाही. पण माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए ठेकेवाल्या" एवढंच.

बत्तीस साली गेणबा त्यांच्याकडं आला. गूळ विकायला आलेला, शाळेतलं गाणं ऐकून दारातच उभा राहिला. बुवांनी आत बोलावून गायला लावलं. त्यानं मोटेवरचं गाणं म्हटलं. संपेपर्यंत बुवांचे डोळे मिटलेले होते, हे मी बघितलंय. डोळे उघडले आणि म्हणाले, "आवाज आहे. पण हे माकडासारखे हात काय हलवतोस? हात मांडीखाली घे."

त्या दिवशी ते हात मांडीखाली गेले ते सहा वर्षं. तळहात खाली, वर मांडीचं वजन. उठायचा तेव्हा बोटं पांढरीफटक. समोरच्या भिंतीत एक खिळा होता, नजर त्या खिळ्यावर. "ऐकणाऱ्याकडे बघायचं नाही," बुवा म्हणायचे. "गवई बघायला लागला की भीक मागायला लागला." नाटकात असताना पुण्याचे प्रेक्षक एकदा बुवांच्या हातवाऱ्यांना हसले होते म्हणे. लोक मला ही गोष्ट सांगतात, बुवांचीही बाजू बघा म्हणतात. तुमची तुम्ही बघा. पुणं हसलं त्यांना आणि हात चेपले अंथुर्ण्याच्या पोराचे, हा कुठला न्याय?

पहाटे आडाचं पाणी काढायचं, लाकडं फोडायची, बुवांची धोतरं धुवायची, मग रियाझ. गेणबा ते सगळं एका दोऱ्यासाठी करत होता. गुरू शिष्याच्या मनगटाला गंडा बांधतो तो दोरा. तो असला की अमक्याचा शागीर्द म्हणून सांगता येतं, मैफलीला बोलावणं येतं. नसला तर आवाज कितीही असो, तुम्ही कुणाचेच नाही. वकिलांच्या दोन पोरांना बुवांनी वर्षाच्या आत गंडे बांधले. त्यांचा सूर सांगवीला निघायचा आणि माळेगावात चुकायचा. गेणबानं विचारलं की बुवा म्हणायचे, "तू आधी एक मैफल मारून दाखव."

कशी मारणार? गुरुपौर्णिमेला दोनदा बसवला. सूर जिथल्या तिथं, ताल जिथल्या तिथं आणि गाणं मात्र मढ्यासारखं पडून. लोक पान लावत होते. बुवा सगळ्यांदेखत म्हणाले, "मातीत भाव कुठून येणार?" मी शेजारी बसलो होतो, तोंडातून शब्द काढला नाही. महिन्याचा पगार होता ना! स्वतःचा राग येतो तो त्याचा.

अडतीस साली चैत्रात इंदापूरला मारुतीचा उत्सव होता. दुपारी चारला गेणबाचं गाणं. बुवांनी आधीच बजावलं, "हे शेवटचं. जमलं तर तिथंच गंडा. नाही तर मोटेवर जा, पुन्हा पायरी चढू नकोस." अप्पा घरच्या गाडीनं आले, हरण्या जुंपून. ताटात नारळ आणि गुरूला द्यायचं नवं उपरणं. बैल सोडून त्यांनी देवळासमोरच्या लिंबाखाली बांधले आणि स्वतः दारात, चपलांपाशी बसले.

गेणबानं भीमपलास धरला. हात मांडीखाली. इथं खिळा नव्हता, म्हणून नजर देवळातल्या घंटेवर. दहा मिनिटांत पुढच्या रांगेतल्या कापसाच्या अडत्यानं पानाचा डबा उघडला. शेजारचा वकील जांभई दाबत होता. गेणबाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि पुसायला हात नव्हते.

तेवढ्यात बाहेर हरण्या उठून उभा राहिला. आवाज त्याच्या ओळखीचा. दारातून तो सरळ दिसत होता. मान वर, दावं ताणलेलं. गेणबाची नजर घंटेवरून घसरली आणि त्या कानावर गेली. कान मागं वळला होता.

गेणबाचा उजवा हात मांडीखालून निघाला. त्यानं हवेतच दोर धरला, मागं रेलला आणि तान घेतली. तीस पावलांची तान. मी ठेका धरायचा की ऐकायचं, मला कळेना. तान समेवर येऊन ओतली गेली आणि अख्खं देऊळ "वा" म्हणालं. गेणबानं जीभ टाळ्याला लावून चुचकारलं आणि म्हणाला, "मागं, मागं राजा."

पुढची रांग मागं सरकली. अडते, वकील, सगळे आपापली बैठक ओढत हातभर मागं. सरकल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं. मग जे हसू फुटलं ते आवरेना.

गेणबाचा चेहरा उतरला. हात पुन्हा मांडीखाली गेला. बुवा दात खाऊन म्हणाले, "बैल तो बैलच." बाकीचे अजून हसत होते. तेव्हा चपलांपाशी बसलेले अप्पा शांतपणे म्हणाले, "गेणू, थारोळं भरलं. आता दुसरी मोट धर की."

गेणबानं बापाकडं बघितलं. मग दोन्ही हात मांडीखालून काढले, चोळले आणि पुन्हा सूर लावला. आता त्याची नजर लोकांवर होती. पानवाल्या अडत्याच्या कानाकडं बघत त्यानं सुरांची एक जागा घेतली. अडता हलला नाही. तीच जागा जरा मऊ करून घेतली, मग आणखी मऊ. अडत्यानं पानाचा डबा मिटला. मग गेणबा वकिलाकडं वळला. सव्वा तास तो एकेकाला असा वळवत होता. शेवटी कुणी हसत नव्हतं आणि अडता उपरण्यानं डोळे टिपत होता.

गाणं संपलं तसे बुवा उठले. खिशातून दोरा काढला आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सहा वर्षं हात बांधून ठेवले, म्हणून आवाज असा साठला. ही आमची तालीम." माझ्या डोक्यात तिडीक गेली. तबल्याचा हातोडा हातात होता, तो मी खाली ठेवला, उगाच काही होऊन बसेल म्हणून.

गेणबा वाकून बुवांच्या पाया पडला. बुवांनी दोरा पुढं केला. गेणबानं मनगट दिलं नाही.

"बुवा, राग तुमच्याकडनं शिकलो. ते खोटं न्हाय म्हनत," तो म्हणाला. "पर ह्ये हात आता कुनाला बांधू देत न्हाय."

त्यानं अप्पांजवळचं ताट घेतलं आणि माणसांतून वाट काढत लिंबाखाली गेला. उपरणं हरण्याच्या पाठीवर टाकलं, नारळ दगडावर फोडून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्या खुराशी डोकं टेकलं. बुवा दोरा हातात घेऊन दारात उभे होते. मी तबला-डग्गा उचलला, त्यांच्या समोरून चालत गेलो आणि अप्पांच्या गाडीत जाऊन बसलो. माझी नोकरी तिथंच संपली.

गंडा नाही म्हणून पुण्याच्या मैफलींत गेणबाला कुणी बसवलं नाही. "कुणाचे शागीर्द?" एवढंच विचारायचे आणि पत्राला उत्तर यायचं नाही. तो इंदापूर-बारामतीच्या गावांतून गायला, दिवसा मोट धरून. ह्याचाही राग मला बुवांचाच येतो. गेणबाला कधी आला नाही. मी चिडून बोलायला लागलो की तो दोन्ही तळहात माझ्यापुढं धरायचा आणि म्हणायचा, "झुंबर, बघ की. मोकळं हायत."