पांढरं पडलेलं चॉकलेट

खाण्याची कुठलीही वस्तू हातात आली की बाई आधी ती नाकाशी न्यायच्या, मग नखाने जरा खरवडायच्या आणि जिभेच्या टोकाला लावून डोळे मिटून उभ्या राहायच्या. आपण घाई केली की म्हणायच्या, "थांब नं गा. तिले सांगू तं दे." त्या वस्तूने काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही, बाईंना कळायचं. दूध, बेसन, बटाट्याची पोती, सगळ्यांचा निकाल असाच लागायचा आणि तो चुकल्याचं मला आठवत नाही.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. रशियन इंजिनियरांच्या एका होस्टेलात मी स्टोअरचा बाबू होतो, वय बावीस. बाई तिथल्या स्वयंपाकघरात भाजी निवडायला आणि धान्य पाखडायला होत्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा बांधकामावर पाय चेंगरून घरी बसलेला. सगळं घर बाईंच्या रोजीवर, आणि ती रोजी मस्टरवर. सकाळी नाव पुकारलं तर काम, नाहीतर परत जायचं. तुम्ही म्हणाल, अशा बाईने तोंड सांभाळून राहावं. आम्हीही त्यांना तेच सांगायचो.

पण ते त्यांना जमायचं नाही. उरलेला रस्सा कुणी "घरी घेऊन जा" म्हणत पुढे केला की त्या आपल्या डब्याचं झाकण लावून टाकायच्या. "वाढलं तं खाईन. टाकलं तं नाही." लहानपणी त्यांचे वडील गावच्या लग्नात मांडवाबाहेर थांबून उष्टं टोपलीत घेऊन यायचे. "नागपूरले दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरी ते बंद," एवढंच सांगून त्या पुन्हा सूप हातात घ्यायच्या. मला याचा थोडा रागच यायचा. रस्सा खरोखर चांगला असायचा.

एप्रिलात एक रशियन इंजिनियर मायदेशी परत गेला. जाताना त्याने चॉकलेटची एक पेटी किचनच्या लोकांच्या मुलांसाठी म्हणून दुभाष्यामार्फत माझ्याकडे दिली. मेस बघणाऱ्या साहेबांनी ती परस्पर अधिकाऱ्यांच्या चहापार्टीसाठी ठरवून टाकली. मी "बरं, सर" म्हणालो. स्टोअरमध्ये जागा नव्हती, म्हणून पेटी बॉयलरच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि विसरून गेलो.

मे महिन्यात पार्टीच्या दिवशी किचनच्या टेबलावर पेटी उघडली. साहेब स्वतः हजर होते. पुण्याकडचे, कपडे कडक इस्त्रीचे. बघतो तर वड्यांवर पांढरट पापुद्रा आणि मधे मधे राखाडी ठिपके.

"बुरशी आली की हो," साहेब माझ्याकडे वळले. "कुठे ठेवली होतीत?"

"स्टोअरमध्येच, सर. तिकडूनच तशी आली असेल."

"मग फेकून द्या." लगेच त्यांना हळहळ वाटली असावी. "नाहीतर असं करा, किचनवाल्यांच्या मुलांना वाटून टाका. त्यांना काय होतंय."

बाईंनी सूप खाली ठेवलं. एक वडी उचलून नाकाशी नेली, नखाने खरवडली. जिभेला मात्र लावली नाही. वडीवर अंगठा दाबून धरला आणि थोड्या वेळाने उचलला. अंगठ्याखालचा पांढरेपणा गेला होता, तेवढीच जागा तपकिरी चमकत होती.

"बुरशी असी जात नाही, सायेब. बुरशीले लव असते, वास असते. हे आतलं तूप हाय. गरमीनं पातळ झालं, वर आलं न् थिजलं. माल चांगला हाय."

"तुम्ही कधी चॉकलेट खाल्लंय का, बाई?"

"नाही. तूप कढवलं हाय."

मागे कुणीतरी हसलं. साहेबांचे कान लाल झाले. "चांगलं आहे ना? मग घेऊन जा. कोण अडवतंय?"

"पयले तुमी खा."

"काय म्हणालात?"

"खराब असन तं आमच्या पोट्ट्याइले कावून देता? चांगलं असन तं फेका कावून म्हनता? एक कायतरी ठरवा. मी नाही चाखत. मी चाखलं तं तुमी म्हनान, याइले सारंच पचते."

आचारीही झारा हातात धरून थांबला. साहेबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, एक तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. आम्ही त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलो. "ठीक आहे," ते म्हणाले.

"मंग बशीत वाढून द्याचं," बाई म्हणाल्या. "पुड्या बांधून नाही."

रविवारी होस्टेलच्या व्हरांड्यात सतरंजीवर वीसेक पोरं बसली. साहेबलोकांच्या पांढऱ्या बशा निघाल्या. बाईंनी स्वतः वाढलं. पहिल्याच तुकड्याला त्यांच्या धाकट्या लेकीने तोंड वाकडं केलं.

"कडू हाय वं माय."

"कडूच असते ते. खराब नाही. खाय."

बाईंना तरी काय माहीत? त्यांनीही तेव्हाच पहिल्यांदा चॉकलेट तोंडात टाकलं होतं आणि चेहरा जागेवर ठेवताना त्यांची पुरती त्रेधा उडाली होती. त्या दिवशी मला बाई फार आवडल्या.

पंधरा दिवसांनी मस्टरवरून त्यांचं नाव गेलं. त्याआधी साहेबांनी मला बोलावून एक कागद पुढे सरकवला होता. बाई वरिष्ठांशी भांडल्या आणि खराब माल चांगला असल्याचं खोटं बोलून त्यांनी लोकांना चिथावलं, असा मजकूर. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी अजून कायम झालो नव्हतो. मी सही केली.

त्यांच्या झोपडीवर गेलो तेव्हा सामान बांधणं चाललं होतं. अहिवाऱ्याकडे दगडाच्या खाणीवर काम मिळत होतं. मी म्हणालो, साहेबांशी बोलून बघतो.

"पेटी बायलरच्या भितीले ठेवली होती नं तुनं?" बाईंनी विचारलं. "एका बाजूच्या वड्या जास्त पांढऱ्या होत्या. मले तवाच समजलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुही नौकरी गेली असती."

मग मी कागदाचं सांगितलं. त्याखाली सही माझी आहे, हेही सांगितलं. बाईंनी गाठोड्याची गाठ आवळली.

"भांडली लिवलं, ते राहू दे. भांडलीच मी. उद्याबी भांडन. पन खोटं बोलली लिवलं, तेवढं खोडून ये. कामासाठी नाही सांगून राहिली. काम कुठंबी भेटते."

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन मी पेटी कुठे ठेवली होती ते सांगितलं आणि कागद परत मागितला. "फाइल वर गेली," साहेब म्हणाले. "आता काय उपयोग?" बाईंना नेणारा खाणीचा ट्रक सकाळीच निघून गेला होता. पुढे मी कायम झालो, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, रिटायर झालो. बाई पुन्हा दिसल्या नाहीत.

तो कागद कुठल्यातरी कपाटात माझ्या सहीसकट पडून असेल. तो मला खोडता आला नाही, म्हणून आज तुमच्यासमोर लिहून देतो. बाई भांडल्या होत्या. चॉकलेट चांगलं होतं. पेटी मी ठेवली होती.