कानाचं मशीन आणि घरची माणसं

नाशिकला गंगापूर रोडवरच्या क्लिनिकमध्ये मी कान तपासते, मशीन बसवून देते. घरोघरचे किस्से मला मुद्दाम जमवावे लागत नाहीत. खुर्चीत म्हातारं माणूस बसतं आणि तक्रार शेजारी उभा असलेला मुलगा सांगतो, "बाबा ऐकतच नाहीत." कानांनी ऐकत नाहीत की तुमचं ऐकत नाहीत, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

*

देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार. तोफांच्या आवाजाने कान गेलेले. मशीन बसवल्यावर सोबतच्या कॉलेजातल्या नातीला म्हणाले, "आता तरी बोलशील ना? शेजारच्या खोलीतून व्हॉट्सॲप करते ही, मॅडम."

ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मेसेज तुम्ही पूर्ण वाचता, आजोबा. मी बोलायला लागले की मध्येच ओरडता."

मशीनमधून सुभेदारांना स्पष्ट ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य.

*

सुरगाण्याच्या एक मावशी. सोबत आलेली मुलगी नाशिकमध्ये नर्स. मी शब्द म्हणायचे, मावशींनी ते परत म्हणायचे. त्यांना निम्मेही जमेनात. मी मुलीला म्हटलं, "तुमच्या घरच्या बोलीतले शब्द तू म्हण."

तिने उठून दार लावलं. "इथे कुणासमोर मी तसं बोलत नाही, मॅडम."

मग हळू आवाजात बोलली. मावशींनी सगळे शब्द बरोबर सांगितले. शेवटी म्हणाल्या, "लय दिसांनी बोलली."

*

एक तरुण वडिलांचं मशीन घेऊन आला. वडील वारले होते. मला वाटलं, कुणा गरजूला द्यायचं असेल.

"मॅडम, बाबांनी शेवटचं काय ऐकलं, ते यात रेकॉर्ड असतं का?"

"नाही."

"म्हणजे मी जे बोललो ते त्यांना ऐकू गेलं का, हे कळणार नाही?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याने मशीन पुन्हा खिशात ठेवलं.

*

आणि नाशिकरोडचे एक निवृत्त शिक्षक. सहा महिन्यांपासून काहीच ऐकू येत नाही, असं मुलगा सांगून बाहेर बसला. तपासलं, तर कान ठणठणीत!

"सर, तुम्हाला सगळं ऐकू येतंय."

त्यांनी दार बंद आहे ना ते पाहिलं. मग म्हणाले, "त्याची नोकरी गेलीय. मला सांगत नाही. मला ऐकू येत नाही असं समजून माझ्यासमोर बायकोशी बोलतो. परवा माझ्या शेजारी बसून रडला. लहानपणी रडला की मीच म्हणायचो, आत जाऊन रड. मला ऐकू येतंय हे कळलं, तर तो परत आत जाईल, मॅडम."

तेवढ्यात मुलाने दार उघडलं. "काय निघालं, मॅडम?"

सरांनी कानामागे हात धरला.