काळ्या चिंधीची वायर

मेन स्विच काकूंना राग आला की त्या शिव्या देत नसत, भांडी आपटत नसत. उठून तुमची वायर काढायच्या. नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या चार मजली अपार्टमेंटच्या इंटरनेटचा डबा काकूंच्या हॉलमध्ये, चपलांच्या स्टँडच्या वर, भिंतीला ठोकलेला होता. कुणी जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवली, कुणी वरून त्यांच्या कुरडयांवर पाणी सांडलं, की त्या घरातला सिनेमा ऐन रंगात आलेला असताना बंद पडायचा. मग गुन्हेगाराने येऊन काकूंची बेल वाजवायची, दारात उभं राहून सगळं ऐकून घ्यायचं, तेव्हा कुठे वायर परत लागायची. बिल्डिंगने ठेवलेलं हे नाव काकूंना माहीत होतं आणि ते त्यांना आवडायचंही.

माझा धंदा बिल्डिंगांचं नेटवर्क तपासण्याचा. कुठली वायर कुठे जाते, कुठे सडलीय, डबा कुठे हवा, हे बघायचं आणि सोसायटीला अहवाल द्यायचा. या सोसायटीला डबा काकूंच्या घरातून बाहेर काढायचा होता, पण तसं त्यांच्या तोंडावर सांगायची छाती एकाचीही नव्हती. म्हणून मला बोलावलं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्यात आपल्या सोसायट्यांचा हात कुणी धरणार नाही.

मे महिन्यातल्या भर दुपारी मी बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"तुले कोनं धाडलं?"

सोसायटीने, मी म्हटलं.

"त्यायले पाय नाही का?" काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पयले पाय धू. उन्हातून आली अन् तशीच घरात शिरून राहिली."

इतकी वर्षं हे काम करतेय, पण घरात घ्यायच्या आधी मला पाय धुवायला कुणी लावलं नव्हतं. मी धुतले. काकूंनी डब्याखाली खुर्ची ओढली आणि पहारेकऱ्यासारख्या बसून राहिल्या. पाणी विचारलं नाही. नागपूरच्या मे महिन्यात दारी आलेल्याला पाणी न विचारणारं माणूस मी कधी विसरत नाही, आणि काकूंनाही मी अजून माफ केलेलं नाही.

डबा त्यांच्या नवऱ्याने बसवलेला. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते. बिल्डिंगमध्ये इंटरनेट आलं तेव्हा त्यांनी स्वतः जिने चढून-उतरून घराघरात वायर नेली आणि डबा बाहेर ठेवला तर कुणीही हात लावेल म्हणून तो आपल्याच भिंतीवर लावला. ते गेले आणि डबा काकूंकडे आला. वायरींवरचे नंबर काकूंना लागत नसत. त्यांनी प्रत्येक वायरीला एकेक चिंधी बांधली: कुणाची जुन्या लुगड्याची, कुणाची ब्लाउजपीसची. समोरच्या दारातल्या वकिलाची काळी, फाटक्या छत्रीच्या कापडाची. दुसऱ्या मजल्यावरच्या मेश्राम सरांची गडद निळी. ती सरांनी स्वतःच आणून दिली होती. दिवाळीच्या साफसफाईत काकू सगळ्या चिंध्या सोडायच्या, धुऊन वाळत घालायच्या आणि परत बांधायच्या. मी डोक्याला हात लावला तर म्हणाल्या, "चिंधी झाली म्हून का मळकी ठेवाची?"

बाकीच्यांवर काकूंचा राग दोन-चार दिवसांचा असायचा. वकिलाशी मात्र त्यांचं वैर होतं. साहेबांची, म्हणजे नवऱ्याची, स्कूटर पार्किंगमध्ये खांबाजवळ उभी असायची. साहेब गेले आणि तेरवी व्हायच्या आत वकिलाने ती बाजूला ढकलून तिथे आपली कार लावली. विचारलं नाही, सांगितलं नाही. तेव्हापासून काकू मनात आलं की काळ्या चिंधीची वायर काढायच्या आणि बेल वाजायची वाट बघत बसायच्या. वकील एकदाही आला नाही. त्याचा त्यांना जास्त संताप.

"माज पाह्य त्याचा," मी टेस्टर जोडत असताना त्या म्हणाल्या. "आठ-आठ दिवस नेट नाही राहत घरात, पन इचाराले येत नाही. येईन कधीतरी. त्याले या दारात उभं करतो, मंगच हा डब्बा हालन."

इतकं त्या एका दमात बोलल्या. मला डबा हलवायचा होता, त्यांना वकील दारात हवा होता. आमचं जमणं शक्यच नव्हतं.

वायर ओळखायची रीत सोपी आहे. एका घरात वायरीच्या टोकाला छोटं यंत्र लावायचं आणि डब्यापाशी कुठली वायर वाजते ते ऐकायचं. सगळ्या घरांतून फिरत मी वकिलाकडे यंत्र लावून आले. डब्यापाशी वाजली ती निळ्या चिंधीची वायर. मला वाटलं, माझीच चूक. मेश्राम सरांकडे लावून आले, तर काळी वाजली. कुठल्यातरी दिवाळीत, धुऊन धुऊन विटलेली काळी आणि गडद निळी यांची अदलाबदल झाली होती. वकिलाचं म्हणून काकू जे नेट तोडत होत्या, ते सगळी वर्षं बिचाऱ्या मेश्राम सरांचं होतं. वकिलाचं एक मिनिटही गेलं नव्हतं.

खुर्चीवर बसलेल्या काकूंना मी तेव्हा काही बोलले नाही. चांगुलपणा वगैरे नाही. मला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं. दिसलं ते सगळं अहवालात लिहिलं: डबा तापतो, वायरी पाण्याच्या पाइपाला चिकटून गेल्यात, दोन वायरींच्या खुणा उलट्या आहेत, डबा जिन्यात कुलपात हवा.

पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली. काकूही पुढच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. मला अहवाल वाचायला सांगितला. खुणा उलट्या, या वाक्यावर अध्यक्षांनी मला थांबवलं आणि कोणत्या दोन, असं विचारलं. मी सांगितलं. आधी कुणाला उलगडा झाला नाही, मग झाला आणि हशा पिकला. वकील सगळ्यांत उशिरा हसला, कारण त्याला काही ठाऊकच नव्हतं.

"म्हणजे काकू माझी वायर काढत होत्या?" त्याने विचारलं आणि काकूंकडे वळला. "पण काहून? तुम्ही माझ्यावर नाराज आहात हे मले माहीतच नव्हतं."

तो खरं बोलत होता. स्कूटर ढकलल्याचंसुद्धा त्याला आठवत नव्हतं. त्या माणसाचा मला अजूनही राग आहे, काकूंवरच्या रागापेक्षा थोडा जास्तच. काकू ज्या लढाईत इतकी वर्षं उभ्या होत्या, तिची शत्रूला गंधवार्ता नव्हती. त्या खुर्चीवरून उठल्या, कुणाकडे न बघता जिन्याकडे गेल्या. डबा हलवायचं ठरलं तेव्हा विरोध करायला त्या तिथे नव्हत्या.

मेश्राम सर माझ्यासोबत गेटपर्यंत आले. शाळेत शिकवणारे, हळू बोलणारे गृहस्थ. मी त्यांना विचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

"आलं होतं ना," सर म्हणाले. "पहिल्याच वर्षी आलं. मी नेट गेलं सांगाले जायचो, तं निळी लागलेली अन् काळी लोंबकळून राहिलेली. पण सांगतलं असतं तं त्यायनं वकिलाची खरी वायर काढली असती. तो काय सोडणारा माणूस आहे? त्यानं काकूले कोर्टात उभं केलं असतं. माझं काय, मी चहा पिऊन परत यायचो."

डबा काढायला मीच गेले. काकूंनी दार पूर्ण उघडलं, साखळी लावली नाही. पाय धू म्हणाल्या नाहीत, ते मला खटकलं. मी चिंध्या सोडून त्यांच्या हातात दिल्या. भिंतीवर डब्याच्या जागी पांढरा चौकोन उरला. मी निघताना त्या बोलल्या.

"डब्बा नेला, ते ठीक हाय. पन ते सगळ्यायच्या समोर सांगाची काय गरज होती वं तुले?"

मी म्हटलं, काकू, वायर ज्याची आहे त्याचीच लिहावी लागते. आजही कुणी विचारलं तर हेच म्हणेन, आणि पुन्हा तोच अहवाल लिहीन. काकूंनी दार लावून घेतलं.

पुढे देखभालीच्या कामाला मी तिथे जात राहिले. नेट आता जात नव्हतं. काकूंची बेलही कुणी वाजवत नव्हतं; नाही म्हणायला मेश्राम सर अधूनमधून वाजवायचे. एकदा मी जिन्यात डबा उघडून बसले होते तेव्हा त्यांना दारात उभं राहून सांगताना ऐकलं, "काकू, नेट गेलं." माझ्यासमोर त्यांच्या नेटचा हिरवा दिवा चांगला लुकलुकत होता.

"तं मी काय करू?" आतून आवाज आला. "डब्बा हाय का आता माह्याकडं? त्या पोरीले इचारा." आणि मग, "या आता. चहा ठेवतो."

काकू मागच्या हिवाळ्यात गेल्या. धंतोलीच्या दवाखान्यात थोडे दिवस होत्या, असं सरांनी कळवलं. मी भेटायला गेले नाही. आमचं तसं नातं नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण काकू भांडकुदळ होत्या, दीर्घद्वेषी होत्या आणि त्यांनी मला कधी पाणी विचारलं नाही.

परवा त्या बिल्डिंगमध्ये काम निघालं. जिन्यातल्या डब्याची किल्ली माझ्या हातात होती. तरी मी चढून काकूंच्या दाराशी गेले आणि बेल वाजवली. नवीन भाडेकरूंच्या सुनेने दार उघडलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"नेट गेलं का, ते बघायला आले," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली, "आमचं चालू आहे."